सूर-शंका : बर्कली यांची सोनाटिना, रेकॉर्डर आणि नागपूरचा उन्हाळा

मागील अंकात या सदरात सिव्हिल लाइन्समधील एका घरी झालेल्या छोट्या मैफिलीचा दोन ओळींत उल्लेख केला होता. तेथे दोन विद्यार्थ्यांनी लेनक्स बर्कली या इंग्रज रचनाकाराची ट्रेबल रेकॉर्डर आणि पियानो यांच्यासाठी लिहिलेली सोनाटिना, म्हणजे काही भागांची छोटी वाद्यरचना, वाजवली. त्या दोन ओळींवर एवढी पत्रे येतील अशी अपेक्षा नव्हती. त्यांपैकी काही निवडून, आवश्यक तेथे संक्षेप करून, या वेळचे सदर त्याच एका रचनेला दिले आहे.

धरमपेठेतील एक पालक लिहितात : माझी मुलगी नववीत आहे. तिच्या शिक्षिकेने तिला हीच सोनाटिना शिकायला दिली आहे. रेकॉर्डर म्हणजे शाळेत लहान मुलांना देतात ती प्लॅस्टिकची बासरी, अशी आमची समजूत. मुलीने या वयात त्यावर रोजचे दोन तास घालवावेत का? या वाद्यासाठी कोणी गंभीर संगीत लिहिले आहे का?

आपली शंका रास्त आहे, कारण आपल्याकडे हे वाद्य प्रथम दिसते ते शाळेच्या दप्तरातच, डबा आणि पाण्याच्या बाटलीच्या मध्ये कोंबलेले. मात्र शाळेत मिळते तो सोप्रानो रेकॉर्डर असतो, आणि बर्कली यांची रचना आहे ट्रेबल रेकॉर्डरसाठी. हे वाद्य आकाराने मोठे असते आणि त्याचा आवाज खालचा व गोल असतो. त्याचा सर्वांत खालचा सूर पियानोच्या मधल्या सी-वरचा एफ, म्हणजे आपल्या पेटीवाल्यांच्या भाषेत पांढरी चार, आणि तेथून वर दोन सप्तके व थोडे अधिक एवढा त्याचा विस्तार असतो.

या वाद्याचे दिवस एकेकाळी फार चांगले होते. बाख यांच्या दुसऱ्या आणि चौथ्या ब्रॅन्डेनबुर्ग कॉन्चेर्टोत रेकॉर्डर आहे, हॅन्डल आणि टेलेमान यांनी त्यासाठी सोनाटा लिहिल्या. पुढे सभागृहे वाढली, वाद्यवृंद मोठे झाले, आणि आडव्या बासरीपुढे या नाजूक आवाजाचा निभाव लागेना. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून जवळजवळ दीडशे वर्षे मोठ्या रचनाकारांपैकी फारसे कोणी त्याच्याकडे वळले नाही. ते परत आले त्यात आर्नल्ड डोल्मेच या एका हट्टी कारागिराचा मोठा वाटा आहे. १८५८ साली फ्रान्समध्ये जन्मलेले आणि पुढे इंग्लंडमध्ये हॅसलमिअर या गावी स्थायिक झालेले हे गृहस्थ जुनी वाद्ये जमवत, दुरुस्त करत आणि वाजवत. त्यांच्याकडे ब्रेसां या जुन्या कारागिराने घडवलेला एक अस्सल रेकॉर्डर होता. १९१९ साली लंडनच्या वॉटर्लू स्थानकाच्या फलाटावर त्यांच्या सात वर्षांच्या मुलाकडून, कार्लकडून, ज्या पिशवीत तो रेकॉर्डर होता ती पिशवीच विसरली. वाद्य गेले म्हणून वडिलांनी आपल्या मोजमापांवरून नवे घडवायला घेतले, आणि त्या खटपटीतून आधुनिक रेकॉर्डरची घडण पुन्हा सुरू झाली. घरातल्या मुलांनी वस्तू हरवल्यावर आपण जे बोलतो ते बोलताना ही गोष्ट आठवावी, असे मी माझ्या विद्यार्थ्यांच्या पालकांना नेहमी सांगतो.

तोच कार्ल डोल्मेच पुढे या वाद्याचा नामवंत वादक झाला. १९२५ साली हॅसलमिअरचा संगीतोत्सव सुरू झाला, १९३७ साली लंडनमध्ये रेकॉर्डर वादकांची संस्था स्थापन झाली. आता वाद्य होते, वादक होते, पण वाजवायला सगळे दोनशे वर्षांपूर्वीचेच होते. ही उणीव मॅन्युएल जेकब्स या उत्साही वादकाला खटकली आणि त्यांनी त्या काळातील तरुण इंग्रज रचनाकारांना या वाद्यासाठी लिहिण्याची गळ घातली. १९३९ च्या सुमारास त्यातून रचनांचे एक लहानसे पीकच आले. वॉल्टर ली यांची सोनाटिना त्याच वर्षीची. ली १९४२ साली लिबियातील टोब्रुकजवळच्या लढाईत मारले गेले, तेव्हा त्यांना सदतिसावे वर्षही पुरे झाले नव्हते. बर्कली यांची सोनाटिना, ओपस १३, हीही १९३९ ची. कार्ल डोल्मेच यांनी ती मैफिलीत वाजवली आणि शॉट या प्रकाशनसंस्थेने ती छापली.

बर्कली यांचा जन्म १९०३ चा. फ्रेंच रचनाकार मॉरिस रावेल यांच्या सल्ल्यावरून ते पॅरिसला नादिया बुलांजे या संगीतशिक्षिकेकडे शिकायला गेले आणि तेथे काही वर्षे राहिले. अनावश्यक एकही सूर कागदावर राहता कामा नये, ही त्या घराण्याची शिस्त या सोनाटिनेत पानोपानी दिसते. रचना दहा-अकरा मिनिटांची आहे आणि तिचे तीन भाग आहेत : मोडेराटो (मध्यम गतीचा), आडाजिओ (संथ) आणि आलेग्रो मोडेराटो (बेताचा द्रुत). सोनाटिना म्हणजे छोटी सोनाटा, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. छोटी म्हणून सोपी, असा अर्थ त्यात नाही, आणि या रचनेच्या बाबतीत तर मुळीच नाही.

बर्कली यांच्यानंतरही हा ओघ थांबला नाही. यॉर्क बोएन यांची सोनाटा १९४६ ची, माल्कम आर्नल्ड यांची सोनाटिना १९५३ ची, आणि दोन्ही आजही वाजवल्या जातात. तेव्हा दोन तास अवश्य घालवू द्यावेत. हट्ट धरायचाच असेल तर त्या दोन तासांत पहिली वीस मिनिटे नुसते लांब सूर धरण्यात जावीत, याचा धरावा.

महाल भागातील एक बासरीवादक लिहितात : मी पंधरा वर्षे बासरी वाजवतो. मैफिलीत ही रचना ऐकली. सूर नेमके होते, पण मींड नाही, सुरांना चढउतार नाही, आवाज सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच उंचीचा वाटला. हा वादकाचा दोष की वाद्याचा? आणि हीच रचना मी बासरीवर वाजवू शकेन का?

आपला कान तयार आहे, म्हणून आपल्याला जे खटकले तेच या रचनेचे मर्म आहे, असे म्हटले तर आश्चर्य वाटू नये. बासरीत फुंकेचा झोत वादकाच्या ओठांनी तयार होतो. ओठ आवळले, कोन बदलला, बासरी किंचित फिरवली की सूर आणि आवाज दोन्ही हवे तसे वळतात. रेकॉर्डरमध्ये हा अधिकार वादकाकडून काढून घेतलेला असतो. आपल्या खेड्यांतले अलगूज ज्याने हाताळले आहे त्याला हे लगेच कळेल, कारण दोन्ही वाद्यांचे कूळ एकच. तोंडाशी लाकडाचा गुट्टा बसवलेला असतो, त्याच्यावरून जाणाऱ्या अरुंद फटीतून हवा एका ठरलेल्या कोनात पुढच्या धारेवर आदळते आणि सूर आपोआप निघतो. फुंक मारता येणाऱ्या कोणालाही पहिला सूर पहिल्याच दिवशी मिळतो. त्याची किंमत पुढे आयुष्यभर मोजावी लागते. जोरात फुंकले की सूर चढतो, हळू फुंकले की उतरतो. आवाज वाढवायला जावे तर बेसूर व्हायची वेळ येते.

यातून मार्ग नाही असे नाही. तयार वादक हळू फुंकताना उतरणारा सूर सावरण्यासाठी एखादे बोट छिद्रावरून केसभर उचलतो, आणि जोरात फुंकताना चढणारा सूर रोखण्यासाठी खालचे एखादे जास्तीचे छिद्र झाकतो. एकाच सुराची बोटे दोन-तीन प्रकारांनी पाठ असावी लागतात, आणि कोणती कोठे वापरायची हे त्या जागेच्या आवाजावरून ठरते. पण एवढे करूनही जो फरक पडतो तो मोठ्या आणि लहान आवाजाचा नसतो, तो सुराच्या रंगाचा असतो. म्हणून या वाद्यावरची खरी नक्षी जिभेने होते. सूर कसा सुरू करायचा, कोठे तोडायचा, दोन सुरांच्या मध्ये किती निःशब्द जागा ठेवायची, यावरच सगळे उभे असते. ऑत्तेतेर या फ्रेंच वादकाने १७०७ साली छापलेल्या बासरी आणि रेकॉर्डर वादनाच्या पुस्तकात 'तु' आणि 'रु' हे जिभेचे बोल दिले आहेत, आणि ते वाचताना तबल्याच्या बोलांची आठवण आल्यावाचून राहत नाही.

मींड बोटे हळूहळू सरकवून काही प्रमाणात निघते, पण बर्कली यांनी ती मागितलेली नाही. त्यांनी ही रचना लिहिली ती वाद्याचा हा ताठपणा ओळखून. आडाजिओमध्ये ओळ लांब आणि उदास आहे, आणि ती कोठेही हेलकावे न देता, सरळ सुरांनी पुढे जाते. रडू आवरून बोलणाऱ्या माणसाचा आवाज जसा मुद्दाम सपाट असतो तसा तो परिणाम आहे. तेथे भावना व्यक्त करण्याच्या नादात वादकाने थरथर वाढवली की सगळे बिघडते. आपण बासरीवर ही रचना वाजवू शकाल, त्यात बंदी कसली? पण आपण त्या ओळीत मींड घालाल, आणि ती घातल्यावाचून आपल्याला राहवणार नाही. मग ती सुंदरही होईल, मात्र ती दुसरी रचना होईल.

सदर भागातील पियानोची एक विद्यार्थिनी लिहितात : मी मैत्रिणीच्या रेकॉर्डरबरोबर ही सोनाटिना बसवत आहे. ती म्हणते, मी तिला दाबून टाकते. माझ्या पानावर जेथे मोठ्या आवाजाची खूण आहे तेथे मी मोठे वाजवू नये का? की संपूर्ण वेळ पेडल दाबून मऊ वाजवावे? आणि माझे काम नेमके काय, साथ की आणखी काही?

आपण तीन प्रश्न विचारले आहेत. शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो सुटला की पहिले दोन बरेच सोपे होतात. आपल्याकडे गायकाच्या मागे पेटी चालते. गायक जाईल तेथे जायचे, तो थांबला की जागा भरायची आणि तो परत आला की बाजूला व्हायचे, ही उत्तम साथीची रीत. हॅन्डल यांच्या रेकॉर्डर सोनाटांत हार्प्सिकॉर्डची, म्हणजे पियानोच्या आधीच्या, तारा छेडणाऱ्या वाद्याची, भूमिका बरीचशी अशीच आहे. तेथे रचनाकाराने खालची एक ओळ आणि काही आकडे दिलेले असतात, बाकीचे वाजवणाऱ्याने आपल्या अकलेने भरायचे. बर्कली यांच्या सोनाटिनेत मात्र पियानोचा प्रत्येक सूर लिहिलेला आहे, आणि तो रेकॉर्डरला उत्तर देतो, त्याच्या हातातून ओळ काढून घेतो, कधी त्याला अडवतोही. ही दोघांची बैठक आहे. अशा मोजक्या वादकांच्या संगीताला चेंबर म्युझिक म्हणतात. त्याला मराठीत कक्षसंगीत असा शब्द केला गेला आहे खरा, पण मला तो कोरडा वाटतो. दिवाणखान्यात समोरासमोर बसून केलेले संगीत, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

आता आवाजाचा प्रश्न. पियानोची तार हातोडी बसताक्षणी सर्वांत मोठी वाजते आणि तेथून विरत जाते. रेकॉर्डरचा सूर फुंक चालू असेपर्यंत एकाच पातळीवर उभा राहतो. म्हणजे दोन्ही वाद्यांनी एकाच मात्रेवर सूर घेतला तर पहिल्या क्षणी पियानो रेकॉर्डरला झाकतो, आणि अर्ध्या मात्रेनंतर पियानो ओसरतो तसा खालून रेकॉर्डर वर येतो. पूर ओसरल्यावर घाटाची पायरी दिसावी तसे हे असते. मी हे तत्त्व एका शिक्षकाकडून शिकलो नाही, अनेक वर्षे चुका करून शिकलो. आपली मैत्रीण दबली जाते ती आपल्या एकूण आवाजामुळे कमी आणि प्रत्येक सुराच्या त्या पहिल्या आघातामुळे अधिक. तो आघात बोथट करा, बोटे पट्टीच्या अगदी जवळ ठेवून वजनाने वाजवा, आणि मोठ्या आवाजाची खूण आहे तेथे मोठे जरूर वाजवा. तेथे रचनाकाराला पियानोच हवा असतो.

यातूनच पेडलचे उत्तर निघते. पेडल दाबून ठेवले की तारा लवकर विरत नाहीत, म्हणजे जी जागा रेकॉर्डरसाठी मोकळी व्हायला हवी तीच आपण बुजवून टाकता. मऊ वाजवण्याचा उपाय म्हणून पेडल वापरणे हा घराघरांतला गैरसमज आहे. या रचनेत पेडल थेंबाथेंबाने वापरावे. आडाजिओत थोडे अधिक, कडेच्या दोन भागांत जवळजवळ नाहीच. डाव्या पायाचे पेडल वापरायला हरकत नाही, पण त्याने आवाजाचा रंगही बदलतो, तेव्हा सगळा भाग त्यावर काढू नये.

आणखी एक जागा सांभाळा. रेकॉर्डरचे खालचे पाच-सहा सूर, म्हणजे पांढऱ्या चारपासून वरच्या सी-पर्यंतचे, त्याच्या संपूर्ण विस्तारात सर्वांत दुबळे आहेत, आणि ते नेमके पियानोच्या मधल्या, सर्वांत भरदार भागाच्या वस्तीत येतात. वरच्या सप्तकात मात्र हाच रेकॉर्डर कोणालाही ऐकू जातो. त्यामुळे मैत्रिणीच्या पानाकडे पाहून तिची ओळ कोठे खाली उतरते ते पेन्सिलने आपल्या पानावर नोंदवून घ्या आणि तेवढ्याच जागी उजव्या हाताचा भार काढा. सगळीकडे सारखे हळू वाजवले तर रचना मरगळते. आडव्या तारांचा ग्रँड पियानो असेल तर त्याचे झाकण पूर्ण उघडू नये, छोट्या टेकूवर ठेवावे. भिंतीला टेकलेला उभा पियानो असेल तर मैत्रिणीला आपल्या मागे उभे करू नये. ती बाजूला, श्रोत्यांकडे तोंड करून आणि आपल्याला तिचा श्वास दिसेल अशी उभी राहावी. तिचा श्वास हीच आपली सम.

रामदासपेठेतून एक प्रश्न : ही रचना पाश्चात्त्य आडव्या बासरीवर वाजवता येते का?

येते. छापील प्रतीवरच रेकॉर्डर किंवा बासरी असा पर्याय दिलेला आहे, आणि बासरीवादकांनी ती उचललीही आहे. बर्कली यांना बासरी परकी नव्हती. फ्रेंच रचनाकार पूलांक यांच्या बासरी सोनाटेचे वाद्यवृंदासाठीचे रूप त्यांनीच १९७६ साली बासरीवादक जेम्स गॉलवे यांच्यासाठी केले. बासरीवर समतोलाची अडचण पुष्कळ कमी होते. माझे मत विचाराल तर अडचणीबरोबर थोडी गंमतही कमी होते.

मनीषनगरातील एक वाचक लिहितात : माझ्या मुलाचा रेकॉर्डर आणि घरचा पियानो जानेवारीत छान जुळत होते. मे महिन्यात रेकॉर्डर चढा आणि पियानो उतरलेला वाटू लागला. दोन्ही वाद्ये बिघडली का? परीक्षेच्या वेळी काय करावे?

दोन्ही वाद्ये ठीक आहेत, बिघडला आहे तो नागपूरचा मे महिना. या पत्राचे उत्तर थोडे सविस्तर देतो, कारण पुण्या-मुंबईकडे लिहिलेल्या सूचना आपल्या उन्हाळ्याला पुरत नाहीत, आणि लंडनमध्ये छापलेल्या तर मुळीच नाहीत.

फुंकून वाजवण्याच्या वाद्यात सुराची उंची नळीतल्या हवेत ध्वनी किती वेगाने धावतो यावर ठरते. हवा तापली की हा वेग वाढतो. २० अंश सेल्सिअसला तो सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो, ३५ अंशांला सुमारे ३५२ मीटर. सुरांच्या मापात सांगायचे तर प्रत्येक अंशामागे साधारण ३ सेंट, आणि १०० सेंट म्हणजे एक अर्धस्वर. कागदावरच्या हिशेबाने १५ अंशांच्या फरकाला ४५ सेंट होतात, म्हणजे अर्ध्या अर्धस्वराच्या जवळ. प्रत्यक्षात फरक इतका पडत नाही, कारण वादकाचा ऊबदार श्वास थंड खोलीतही नळीतली हवा तापवत असतो. तरीही डिसेंबरच्या सकाळी बारा अंशांत आणि मेच्या दुपारी चव्वेचाळीस अंशांत वाद्य एकाच सुरात बोलेल, ही अपेक्षा धरू नये.

पियानोचे गणित उलटे चालते. त्याच्या तारांखालचा लाकडी पडदा हवेतील ओलाव्याने फुगतो आणि कोरडेपणाने आक्रसतो. तो फुगला की तारांवरचा ताण वाढून सूर चढतो, आक्रसला की उतरतो. आपल्या एप्रिल-मेमधील कोरड्या हवेत पियानो खाली येतो आणि नेमका त्याच दिवसांत रेकॉर्डर वर जातो. आपल्या मुलाच्या कानाला जाणवली ती हीच फारकत. ऑगस्टमध्ये पियानो परत वर येईल. त्यातच आपल्याकडे एक नागपुरी गुंता आहे, तो म्हणजे कूलर. खिडकीतला कूलर गवताच्या ओल्या ताट्यांतून हवा ओढून खोलीत सोडतो, त्यामुळे दुपारभर खोली दमट आणि कूलर बंद केल्यावर पुन्हा कोरडी, अशी पडद्याची रोज ओढाताण होते. पियानो कूलरच्या झोतात कधीही ठेवू नये, शक्य तर त्या खोलीतच ठेवू नये.

कूलरची आणखी एक तक्रार मी स्वतः भोगली आहे. एका एप्रिल महिन्यात शहरातल्या एका सभागृहात, त्याचे नाव सांगत नाही, हीच सोनाटिना मी एका विद्यार्थ्याबरोबर वाजवली. दोन्ही बाजूंनी मोठे कूलर चालू होते. आडाजिओतील खालचे सूर आले आणि गेले, पहिल्या रांगेपलीकडे कोणालाही ते ऐकू आले नाहीत. पुढच्या वेळी आयोजकांना विनंती करून रचनेपुरते कूलर बंद ठेवले. श्रोत्यांनी दहा मिनिटे घाम सोसला आणि आवाज ऐकला.

आता उपाय. रेकॉर्डर तीन भागांचा असतो. वरचा भाग मधल्यातून दोन-तीन मिलिमीटर बाहेर ओढला की वाद्य उतरते. मात्र हा इलाज सगळ्या सुरांना सारखा लागू पडत नाही. सर्वांत खालच्या सुरासाठी हवेचा स्तंभ सुमारे अर्धा मीटर लांब असतो, एक सप्तक वरच्या सुरासाठी त्याच्या निम्मा. तेच तीन मिलिमीटर लांब स्तंभाला कमी आणि आखूड स्तंभाला दुप्पट लागतात. म्हणून जास्त ओढले तर वाद्य स्वतःशीच बेसूर होते, आणि उरलेला फरक फुंकेने व बोटांनीच भरून काढावा लागतो. घरी इलेक्ट्रॉनिक पियानो असेल तर आपण सुखी आहात. त्यात मूळ सूर बदलण्याची सोय असते. ए-चा, म्हणजे पांढरी सहाचा, सूर ४४० हर्ट्झऐवजी ४४४ केला की तो सुमारे १६ सेंट चढतो, आणि मे महिन्यापुरते बहुतेक वेळा तेवढे पुरते. तारांच्या पियानोला हे चालत नाही. त्याला वर्षातून दोनदा सुरात लावणे एवढेच हाती असते, एकदा पावसाळा ओसरल्यावर आणि एकदा उन्हाळ्याच्या तोंडाशी.

परीक्षेच्या दिवशी मुलाने वाद्य वातानुकूलित खोलीत शेवटच्या क्षणी उघडू नये. बाहेर तापलेल्या मोटारीत तर ते कधीच सोडू नये, प्लॅस्टिकचे असले तरीही. थंड खोलीत गेल्यावर वाद्य काखेत किंवा आतल्या खिशात धरून श्वासाच्या उबेला आणावे, नाहीतर फटीत वाफ जमून आवाज घुसमटतो. तसे झालेच तर धारेजवळची खिडकी बोटाने हलकेच झाकून एकदा जोरात, पण आवाज न काढता फुंकावे. पाणी निघून जाते. पियानोवर सूर मिळवताना केवळ ए मिळवून थांबू नये. आडाजिओतील सर्वांत खालचा लांब सूर आणि शेवटच्या भागातील सर्वांत वरचा सूर, हे दोन्ही पियानोबरोबर धरून पाहावेत.

वर्ध्याहून नागपुरात आलेल्या एक आजी लिहितात : नातवाने लाकडी रेकॉर्डर मागितला आहे. त्याला तेल लावावे लागते म्हणे. घरात जवसाचे तेल असते, ते चालेल का? आणि लाकडी घ्यावा की प्लॅस्टिकचा?

आजी, जवसाचे कच्चे तेल या कामासाठी युरोपातले कारागीरही वापरतात. विदर्भात ते मिळवायला लांब जावे लागत नाही, हे आपले भाग्य. मात्र फोडणीचे राहिलेले किंवा मसाला मिसळलेले तेल नको. वाद्य दोन दिवस न वाजवता पूर्ण कोरडे होऊ द्यावे, मग काडीला गुंडाळलेल्या मऊ कापडाने नळीच्या आतून तेलाचा अगदी पातळ हात फिरवावा, रात्रभर ठेवावे आणि सकाळी उरलेले पुसून घ्यावे. तोंडाशी असलेल्या लाकडी गुट्ट्याला आणि हवेच्या फटीला तेलाचा स्पर्शही होऊ देऊ नये, कारण तो गुट्टा श्वासातले पाणी शोषण्यासाठीच मुद्दाम कोरडा ठेवलेला असतो. हाताला बदामाचे तेल असेल तर तेही चालते. जवसाच्या तेलाने माखलेले फडके मात्र चुरगळून कोपऱ्यात टाकू नये. ते वाळताना आतून तापते आणि पेटू शकते. पाण्यात भिजवून किंवा उघडे पसरून वाळवून मगच टाकावे.

नातू अजून शिकतो आहे तोवर चांगल्या कंपनीचा प्लॅस्टिकचा ट्रेबल घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. यामाहासारख्या कंपन्यांचे प्लॅस्टिकचे ट्रेबल सुराला पक्के असतात, त्यांना तेल लागत नाही आणि आपल्या मेमध्ये त्यांना तडा जात नाही. लाकडी वाद्य नवे असताना पहिले काही आठवडे रोज दहा-पंधरा मिनिटांहून अधिक वाजवता येत नाही, हळूहळू वेळ वाढवावा लागतो, आणि तेवढा धीर शाळकरी मुलाकडे नसतो. बर्कली यांची सोनाटिना त्याच्या हाताला बसली, आडाजिओतील खालचे सूर न थरथरता टिकू लागले, की मग लाकडी वाद्याचा विचार करावा. खरेदी ऑक्टोबरनंतर करावी, म्हणजे नव्या लाकडाला पहिला उन्हाळा सोसण्यापूर्वी चार-पाच महिने मिळतात.